शाबूत टोक

जे लिहायला बसलो आहे ते माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही. ज्यांच्याबरोबर शाळेत उभी नोकरी केली, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्यातही कुणाला नाही. आणि जिला कळायला हवं होतं ती आता नाही. शालू, माझी धाकटी बहीण, गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मी लिहितो आणि फाडतो. वाक्य नीट सुरू होतं आणि अर्ध्यावर आलं की हळूच माझी बाजू घ्यायला लागतं. मग तो कागद जातो. आज फाडायचा नाही, एवढंच ठरवून बसलो आहे.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासून नको. शंखापासून करतो. शंखाबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं — आणि ते सगळं तिचं आहे, माझं त्यात काही नाही.

कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. भाताचा मुलूख. समुद्र लांब. अशा गावातली मुलगी समुद्री गोगलगायींवर पीएच.डी. करायला निघाली याची गावाला गंमत वाटायची. गोगलगाय म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर चढते ती, मीठ टाकलं की विरघळते ती. "शंखात राहणारा जीव म्हणजे गोगलगायच, दादा," असं शालूने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. मी मराठीचा मास्तर. लोधिवलीकडच्या एका शाळेत शिकवत होतो. शंख म्हणजे माझ्या लेखी देवघरातली वस्तू, नाहीतर कवितेतली.

तिचा शंख देवघरातला नव्हता. खाडीच्या चिखलात राहणारा, मुठीपेक्षा जरा मोठा, दोन्हीकडे निमुळता. जिवंत असताना त्याच्यावर तपकिरी लवेची साल असते, भिजलेल्या मखमलीसारखी. वाळली की तिचे पापुद्रे सुटतात आणि खालून फिकट नारिंगी कवच निघतं. खांद्यावर गाठींची एक रांग. तोंड लांबट, खालच्या बाजूला पन्हाळीसारखं उघडं. देवाच्या शंखात बोट घातलं तर आतल्या खांबावर घड्या लागतात. याचा खांब गुळगुळीत. म्हणून याचं कूळ निराळं. हे सगळं मी तिच्याकडून ऐकलं, जेवताना, अर्धं लक्ष देऊन. तरी बघा, कसं लख्ख आठवतं आहे.

तिचा प्रश्न साधा होता. आपल्या खाडीतला हा शंख सगळ्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या ओळखीच्या जातीचाच आहे, की वेगळ्या जातीचा? वरून बघून ते ठरत नाही. खडकात राहिला तर गाठी मोठ्या होतात, चिखलात राहिला तर बारीक. रंगाचंही तसंच. बदलत नाही ते फक्त टोक. "टोक म्हणजे त्याचं बाळपण," शालू म्हणायची. अंड्यात असतानाच तो जीव पहिलं इवलंसं कवच बांधतो, आणि मग जन्मभर त्याच्याखाली वेढे वाढवत जातो. ओळखीच्या जातीचं टोक बोथट, जाडसर, एखाद-दुसऱ्या वेढ्याचं, कारण त्याचं पिल्लू अंड्याच्या पिशवीतच पोसतं आणि थेट चिखलात रांगत बाहेर येतं. शालूला वाटत होतं की आपल्याकडच्याचं टोक सुईसारखं बारीक, पुष्कळ वेढ्यांचं असणार. म्हणजे पिल्लू आधी पाण्यात तरंगत भटकत असणार आणि मग तळाशी बसत असणार. जन्माची रीतच वेगळी, तर जात वेगळी.

पण खाडीचा चिखल आंबट असतो. तो नेमकं टोकच खातो. तिने जमवलेल्या एकूण एक शंखांची टोकं झिजलेली, किडलेली, पांढरी पडलेली होती. तिचे मुंबईचे सर म्हणत, शाबूत टोक आण, मग बोलू.

आणि ते मिळालं. समुद्रावर नाही, कशेळ्याच्या बाजारात मिळालं! खाडीकडच्या कोळणी तिथे सुकी मासळी घेऊन बसायच्या. त्यातल्या एकीला शालूने सांगून ठेवलं होतं, जाळ्यात शंख आला तर फेकू नका, मला आणा. त्या बाईला याची भारी मौज वाटे. "ही बघा आली माझी शंखवाली. अगं बाय, हे कुनी खात नाय. नवऱ्याला काय शिजवून घालशील?" मी त्या दिवशी पिशवी धरून बाजूला उभा होतो. शालू हसत होती. आणि हसता हसता गप्प झाली. तिच्या हातात एक शंख होता. खोल पाण्यात, चिखलापासून लांब वाढलेला असावा. तिने तो उन्हाकडे धरला, मग पदराने पुसला, मग पुन्हा धरला. सबंध वाटेत, जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असताना, तिने तो दोन्ही हातांत धरून आणला.

घरी आल्यावर भिंग लावून पाहिला आणि मला हाक मारली. "दादा, बघ ना. टोक शाबूत आहे. मी म्हणत होते तसंच आहे रे!"

मी पेपर वाचत होतो. भिंगातून डोकावल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बरं."

हे लक्षात ठेवा. मला तिने दाखवला होता. मी पुढे जे काही म्हणेन त्यात हे विसरू नका — कारण मी ते विसरल्याचं सोंग पुष्कळ वर्षं केलं.

तिने तो कापसात गुंडाळून चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. दोन दिवसांनी मुंबईला नेऊन सरांना दाखवायचा होता, तिथल्या यंत्राखाली त्याचा फोटो काढायचा होता. तोवर त्याला पाहिलेली माणसं दोनच. ती आणि मी.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे आमचे वडील. दर कार्तिकात आमच्या मारुतीच्या देवळात पहाटे काकडा होतो. त्या काकड्याला शंख वाजवायचा मान आप्पांचा. मान म्हणजे कुणी दिलेला नव्हे; त्यांच्याइतका दम दुसऱ्या कुणाच्या छातीत नव्हता म्हणून. त्या साली छाती थकली होती. पहिल्याच पहाटे देवळाचा शंख हातातून निसटून पायरीवर पडला आणि त्याला तडा गेला. वाजवला की फुस्स. आप्पा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

"शालूच्या खोलीत टोपलीभर शंख हायती," दुपारी ते मला म्हणाले. "एक घे की रं मागून."

"ते देवाचे नाहीत आप्पा. दुसरं कूळ आहे त्यांचं."

"वाजतो ना? मंग देवाचाच."

मागून घे, म्हणाले होते. मागून. शालू त्या दिवशी कर्जतला गेली होती, कॉलेजच्या काट्यावर टोपलीतले काही शंख वजन करायला. संध्याकाळी येणार होती. आली असती, मी मागितला असता आणि तिने हसत दुसरा कुठलाही दिला असता. एवढं साधं होतं ते. मग मी का थांबलो नाही?

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घरात तेव्हा तोच एक होता. ते खोटं आहे. पलंगाखालच्या टोपलीत झिजलेल्या टोकांचे कितीतरी होते. मग मी सांगत आलो की ते कातरलेले, भोकांचे होते, त्यांत हवा राहिली नसती. तेही — मी त्यातला एकही उचलून पाहिला नव्हता. शिवाय, वाजवायचा शंख करताना टोक कापूनच टाकायचं असतं. म्हणजे ज्याचं टोक आधीच गेलेलं आहे तो जास्त सोयीचा, नाही का? मी सरळ डब्याकडे गेलो. डबा उघडला. कापूस बाजूला केला.

एक प्रसंग सांगतो. तो कारण म्हणून सांगत नाही, त्या दिवशी माझ्या डोक्यात तो होता एवढंच. काही दिवस आधी देवळाच्या पारावर आप्पा चारचौघांत बसले होते. मी पलीकडून जात होतो. कुणीतरी विचारलं, पोरगी काय करते? आप्पा म्हणाले, "नावं ठरवती. ज्या जिवाला अजून नाव नाय, त्याला माजी पोर नाव देनार." "आन् मास्तर?" "मास्तर हाय की. तो रोज पोरांची नावं पुकारतो." सगळे हसले. मीही हसलो. आप्पांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते असेच बोलायचे. मी एम.ए. अर्धवट सोडलं होतं. घरातला पुस्तकं वाचणारा मी होतो, लहानपणापासून मी होतो, आणि नाव ती देणार होती.

मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडावर, लोखंड कापायच्या करवतीने मी ते टोक कापलं. आधी शौचालयासाठी आणलेलं ॲसिड खांद्यापासून खाली ओतून ती मखमली साल काढून टाकली. वास नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. कवच वाटलं होतं त्यापेक्षा टणक निघालं. पांढरी पूड दगडावर पडत राहिली. मग टोक निसटलं, दगडावर टणटण उड्या मारत गेलं आणि तुळशीपाशी थांबलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, शेंगदाण्यापेक्षा लहान. मी ते उचलून खिशात टाकलं. का टाकलं? तिथेच पायाने मातीत दाबून टाकता आलं असतं. कडा कानशीने घासल्या, मेण लावलं आणि आप्पांना म्हणालो, अलिबागहून एका मित्राने आणून दिला.

दुसऱ्या पहाटे शंख वाजला. आमच्या गावात धुकं फार पडतं त्या दिवसांत, आणि त्या धुक्यातून तो आवाज शेतांवरून, कापून ठेवलेल्या भातावरून पार डोंगरापर्यंत गेला. देवळाच्या शंखापेक्षा खोल आवाज होता त्याचा. आप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. "काय रं, दमलो असं वाटलं व्हय तुमाला?" ते भजनी मंडळाला म्हणत होते. पुढच्या फाल्गुनात ते गेले. त्यांचा शेवटचा काकडा त्या शंखावर झाला. हे खरं आहे, आणि यामुळे काहीही कमी होत नाही, हेही खरं आहे.

त्याच सकाळी शालूने डबा उघडला.

"दादा, डब्यातला शंख पाहिलास का रे?"

मी मुलांच्या वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाही."

इथे थांबलो असतो तर तो एक भित्रेपणा झाला असता. घरोघरी असतो तसा. पण मी पुढे बोललो.

"काल कर्जतला नेलास ना पिशवीतून?"

"तो नव्हता नेला. टोपलीतले काही नेले होते."

"नेला असशील. जीपमध्ये राहिला असेल. आठव जरा."

आठव. हा शब्द मी वापरला. आता या शब्दाचं वजन तुम्हाला कळायचं तर आमच्या आईबद्दल सांगावं लागेल. आमची आई शेवटची वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. तिला भरवायची, न्हाऊ घालायची ती शालू, आणि त्याच शालूला आई विचारायची, "बाई, तुमी कुनाच्या गं?" आई गेल्यावर शालू मला एकदाच म्हणाली होती, "दादा, मला मरणाचं काही वाटत नाही. पण हे असं नको." आईच्या आईचंही तसंच झालं होतं. ती भीती तिच्या मनात कुठे बसली आहे हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्या माणसाने तिला सांगितलं की तू विसरतेस.

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "नेला असेन का रे मी?" आणि चपला घालून बाहेर पडली.

ती कशेळ्याला गेली. जीपवाल्यांना एकेकाला विचारत राहिली. तिथल्या पोरांना काय, गंमतच. "मॅडम, गोगलगाय पळाली का तुमची? लय लांब नसंल गेली!" ही थट्टा तिनेच मला संध्याकाळी सांगितली, हसून. त्यानंतरही बरेच दिवस ती बाजाराला गेली की स्टँडवर वाकून जीपच्या सीटखाली बघायची. मी एकदा तिच्यासोबत होतो. मीही वाकलो. मीही सीटखाली पाहिलं. हे लिहिताना हात थांबतो आहे — पण पाहिलं.

सरांनी तिला विचारलं, तू नक्की पाहिलंस का? तिने सांगितलं, पाहिलं. ते म्हणाले असावेत की नमुना नाही तर दावा नाही. बरोबरच आहे, शास्त्र असंच चालतं. पण शालू परत आली तेव्हा वेगळीच दिसत होती. कदाचित मी डोळ्यांपुढे हवं ते आणलं, म्हणाली. कदाचित ते टोकही झिजलेलंच होतं. भिंग पुसलेलं नसेल. तिने मला विचारलं, "दादा, तूही पाहिलं होतंस ना? कसं होतं?"

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं?"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना मी तिचं भिंग घेतलं. खिशातलं टोक पेनच्या डबीत ठेवलं होतं, ते काढून खिडकीत नेलं. बारीक होतं. सुईसारखं. एकाखाली एक, एकाखाली एक, नाजूक वेढे उतरत गेलेले, आणि जिथे ते गुळगुळीत बाळकवच संपून मोठ्या शंखाची खरबरीत रेघ सुरू होते तो सांधाही स्पष्ट होता. तिने जेवताना वर्णन केलेलं एकूण एक. ती बरोबर होती. ज्या भागावर तिचं सगळं अवलंबून होतं तो मी कापला होता, पण तो मोडला नव्हता. माझ्या तळहातावर शाबूत होता. तिला फक्त तेवढंच हवं होतं! दोन पावलांवर ती झोपली होती.

मी डबीचं झाकण लावलं.

आता यापुढे काय सांगू? प्रत्येक दिवशी ते देणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत जातं, हे तुम्हालाही माहीत असेल. काकड्याच्या शेवटच्या दिवशी देवळात प्रसाद वाटत असताना शालूने तो शंख हातात घेतला. मी खांबाजवळ उभा होतो. तिने तो उलटा केला, आत बोट घालून खांब चाचपला, खांद्यावरच्या गाठींवरून अंगठा फिरवला. "दादा, हा त्याच जातीतला आहे रे. कुठे मिळाला?" मी म्हणालो, अलिबागला. ती कापलेल्या कडेकडे जरा वेळ बघत राहिली. "टोक कापलं नसतं तर," एवढं म्हणून तिने तो आप्पांच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी, देवाची वस्तू द्यावी तसा.

तिला कळलं होतं का? मी हे किती वेळा उलटसुलट केलं आहे. कळलं असतं तर ती बोलली असती, असं म्हणावं तर मला हायसं वाटतं. कळूनही बोलली नाही, असं म्हणावं तर ती मोठी होते आणि मला कुणीतरी क्षमा केल्यासारखं होतं. दोन्हींत माझीच सोय. म्हणून मी ते ठरवत नाही.

तिने पीएच.डी. सोडली. एकदम नाही, फी भरायची राहिली, मग सरांना भेटायचं राहिलं, मग शंखांची टोपली माळ्यावर गेली. साजगावच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. कर्जतला खोली घेतली, नंतर मीही गाव सोडून तिकडे राहायला गेलो तेव्हा माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर घर घेतलं. काम चोख करायची. पण एकेक गोष्ट तीन-तीनदा बघायची. गॅस बंद केला का. कडी लावली का. बाटलीवर चिठ्ठी लिहिली की दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. लग्नाचं एक बरं स्थळ आलं होतं, मुलगा भला होता, दोघं दोनदा भेटलीही होती. ती नको म्हणाली. मला म्हणाली, "उद्या मी आईसारखी झाले तर त्याने काय करायचं?" तिशी नुकतीच ओलांडली होती तिने. मी म्हणालो, "असं काही होत नसतं." बस, एवढंच म्हणालो. डबी तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती.

अलीकडे, तीन-चार वर्षांपूर्वी, ती एका संध्याकाळी वर आली. चहा चालला होता. मोबाईल माझ्यापुढे धरला. दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या अभ्यासकांनी ती जात वेगळी ठरवली होती. आता टोकावर अडत नाही, रक्तामांसाच्या तपासणीतून जात ठरवतात. पण शेवटी त्यांनी टोकाचाही फोटो दिला होता. बारीक, पुष्कळ वेढ्यांचं. तिला हेवा वगैरे वाटला नाही. तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे मी खरंच पाहिलं होतं, दादा. मला इतकी वर्षं वाटायचं, मी स्वप्नातच पाहिलं की काय."

बायको स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघंच होतो. खण हाताच्या अंतरावर होता. मी म्हणालो, "चहा गार होतोय."

मग आजारपण आलं, पोटाचं. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सचं नाव, कुणाची पाळी कधी, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, सगळं तिला पाठ. आईचं काही तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. जन्मभर जिची वाट पाहिली ती गोष्ट आलीच नाही. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "बघ, मला सगळं आठवतंय रे," आणि इतकी खूश झाली की मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मला वाटलं, आत जाऊन सांगावं. मग वाटलं, तिला आता त्रास नको. तिला त्रास नको! पुन्हा तेच. मी आत गेलो आणि मोसंबी सोलली.

तिला आम्ही गावी नेलं. आप्पांची लेक म्हणून भजनी मंडळ आलं. टाळ, मृदंग. आमच्याकडे मंडळातलं माणूस गेलं तर पुढे शंख वाजवत नेतात, तिच्यासाठीही वाजवला. आता तो चुलतभाऊ बाळू वाजवतो. पाऊस थांबला होता, बांध निसरडे होते, मी खांदा देऊन चालत होतो, आणि पुढे तिचा शंख वाजत होता. दर वळणावर. तिथल्या कुणालाही माहीत नव्हतं तो कुणाचा आहे. मला माहीत होतं आणि मी चालत राहिलो.

परवा गावी गेलो. बाळूकडे देवळाची किल्ली मागितली. म्हणालो, शंख जरा बघायचा आहे.

"वाजवताय का काय दादा? तुमाला नाय जमायचा. त्याला आप्पांसारखा दम लागतो." हसला आणि म्हशी सोडायला निघून गेला.

देवळात दुपारची वेळ, कुणी नाही. शंख कोनाड्यात होता. इतक्या माणसांच्या ओठांनी, इतक्या कार्तिकांत, कापलेली कड गुळगुळीत झाली आहे. गाठींवर शेंदूर बसला आहे. मी खिशातून डबी काढली. ते टोक आता कुणाला नको आहे. जात ठरून गेली, नाव दुसऱ्यांनी दिलं. तरी मी ते कापसातून काढलं आणि शंखाच्या वर, जिथलं होतं तिथे, ठेवून पाहिलं.

बसत नाही. मला वाटलं होतं, निदान जुळेल. पण दोन्हींच्या मधला थोडासा भाग कुठेच नाही. तो करवतीने खाल्ला. ती पांढरी पूड मी त्याच दिवशी, शालू घरी यायच्या आत, बादलीभर पाणी ओतून धुऊन काढली होती.